चालच तेवढी राहिली

अक्का,

काल तुझं तेरावं झालं. पाव्हणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, आणि आज सकाळी मंदानं तुझी खाट आवरायला घेतली तर मी तिच्यावर उगाच खेकसलो. ती उलटून काही बोलली नाही. माझी बायको उलटून बोलत नाही म्हणजे माझी हालत काय दिसत असेल, ते तूच समज. क्लासला आज दांडी मारली. पोरांना निरोप धाडला की सरांची तब्येत नरम आहे. पोरं खूश झाली असतील.

भेटायला आलेल्या माणसांनी एकच विचारलं, बहीण काय करायच्या तुमच्या? मी सांगायचो, लातुरात इटालियन शिकवायची. समोरचा "आँ?" करायचा. कोणी म्हणायचं, "लातूरला? तिथं तर समदी डॉक्टर व्हायला येतात की." हाव, तिथंच. एका गल्लीत फिजिक्स, दुसऱ्या गल्लीत केमिस्ट्री, भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो आणि फोटोखाली त्यांचे मार्क, आणि त्या सगळ्याच्या मधे झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत माझी बहीण पोरींना 'मी राहते, तू राहतेस' शिकवायची, परक्या मुलखाच्या भाषेत. मला लाज वाटायची, खरं सांगतो. आता सांगताना छाती फुगते. मेल्यावर माणसाचा भाव वाढतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्यांना मी भूकंपापासून सांगायचो. तू तेव्हा निलंग्याच्या शाळेत इंग्रजीची बाई होतीस. किल्लारीच्या बाजूला परदेशी डॉक्टरांचा एक तंबू पडला होता आणि त्यांना इंग्रजी समजणारं माणूस पाहिजे होतं. चार दिवसांसाठी म्हणून गेलीस आणि तंबू उठेपर्यंत परत आली नाहीस. तिथं ती लुचिया नावाची इटलीची नर्स. तिचं इंग्रजी आपल्या तलाठ्याच्या इंग्रजीपेक्षा बेकार. गावातली बाई मराठीत कण्हायची, तू ते इंग्रजीत करायचीस, लुचिया ते मनात इटालियनमधे करायची आणि तेवढ्यात बाई बेशुद्ध. शेवटी तूच वैतागून म्हणालीस, जाऊ दे ते इंग्रजी, मला तुझीच बोली शिकव.

पहिला शब्द शिकलीस तो 'रेस्पिरा'. श्वास घे. तू म्हणायचीस रेस्‌-पि-रा, आणि ती म्हणायची, नाही, रे-स्पि-रा. आपण 'स'ला मागच्या अक्षराच्या घरात कोंबतो, तो त्यांच्याकडं पुढच्याच्या घरात राहतो, असं तू मला घरी आल्यावर समजावलंस. सगळ्या जिल्ह्यात घरं पडलेली आणि तू 'स'चं घर शोधून राहिली होतीस. मी हसलो तर तू म्हणालीस, "सुध्या, ती पेशंट बाई लुचियाकडं बघत होती. मी चुकीचं म्हणलं तेव्हा तिनं श्वास न्हाई घेतला. लुचियानं नीट म्हणलं, तर घेतला." मी म्हणलं, अगं तिला दोन्हीतलं काय कळणार? योगायोग असेल. पण ते तुझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

दुसरा शब्द 'राहणं'. आबिताते, आबितानो, काय काय त्याची रूपं. प्रत्येक पेशंटला पहिलं तेच विचारायचं, तुम्ही कुठं राहता? आणि माणसं हात लांब करून दगडांच्या ढिगाऱ्याकडं दाखवायची. त्या क्रियापदाचं तू पुढं जन्मभर काय केलंस! मला वाटतं, तुझ्याकडं आलेली एकही पोरगी ते शिकल्याशिवाय जिना उतरली नसेल.

तुझं ते शेंगदाण्यांचं शिकवणं मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, अक्काचं डोकं फिरलं. टेबलावर बशी, बशीत भाजलेले दाणे आणि गुळाचे खडे. शब्दाचे जेवढे तुकडे पडतात तेवढे दाणे मांडायचे आणि जिथं आवाजाचा जोर पडतो तिथं दाण्याच्या जागी गूळ. 'मी राहते', म्हणजे आबितो, असेल तर आधी गूळ, मग दोन दाणे. 'आम्ही राहतो' म्हणलं की गूळ सरकून शेवटून दुसऱ्या जागी. 'ते राहतात', म्हणजे आबितानो म्हणलं, की पुन्हा गूळ उडी मारून पार सुरुवातीला, आणि त्याच्या मागं तीन दाणे रांगेत. पोरींनी शब्द नीट म्हणला की अख्खी रांग खायची. चुकला तर बशी पुढच्या पोरीकडं. तू मला म्हणाली होतीस, गूळ पहिल्या जागेवर ठेवला तर 'मी राहते', आणि तोच शेवटी नेऊन ठेवला तर 'तो राहायचा, लई पूर्वी'. मी म्हणलं, वा गं वा, एका गुळाच्या खड्यावर माणूस हयात का मयत ठरतो! तू म्हणालीस, "हाव. तंबूत तेच ठरवत बसायचो आम्ही."

पण तुझ्या पोरी कुठल्या? बिलोलीच्या, नायगावच्या, उदगीरच्या. नर्सिंग करून परदेशी जायचं म्हणून आलेल्या. बालवाडीपासून पाढे म्हणून म्हणून त्यांचा गळा तयार झालेला. तू फळ्यावर सहा रूपं लिहिलीस की पाठ फिरवायच्या आत सगळ्या एका सुरात सुरू. आबितोऽऽ, आबितीऽऽ, आबिताऽऽ, अगदी बे एके बेच्या चालीत, डुलत डुलत. मग चालीला जिथं हेल पाहिजे तिथं शब्दाला जोर. 'ते राहतात'चा गूळ सुरुवातीचा उचलून थेट 'ता'वर. जगात दुसरीकडं कुठं कोणी इटालियन पाढ्यांच्या चालीत म्हणत असेल, असं मला वाटत नाही. तू डस्टर आपटायचीस. "पाढे न्हाईत हे! माणसं बोलतात असं? तुमची आई असं बोलती का, जेवऽऽ, बसऽऽ, निजऽऽ?" पोरी फिदीफिदी हसायच्या, आणि तू खाली उतरलीस की जिन्यात मुद्दाम त्याच चालीत म्हणायच्या. त्यातली रेश्मा सगळ्यात आगाऊ, बिलोलीची. तुझी लाडकी पण तीच.

आणि तुझ्या दुर्दैवानं सख्खा भाऊ असा, की त्याची सगळी भाकरी चालींवर. नांदेडला माझ्या क्लासला पोरं येतात ती काय माझ्या ज्ञानासाठी? मी बायोलॉजीची गाणी करतो म्हणून येतात. हाडांची नावं आरतीच्या चालीत, वनस्पतींची कुळं पाळण्याच्या चालीत. तू एकदा येऊन मागच्या बाकावर बसलीस आणि बाहेर आल्यावर म्हणालीस, "सुध्या, तू पोरांच्या डोक्यात भोंगा बसवून राहिलास. त्यांना एक हाड दाखव आणि विचार, हे काय म्हणून." मी म्हणलं, अक्का, परीक्षेत हाड नाही येत, प्रश्न येतो. माणसाला अर्थ दगा देतो, चाल नाही देत. मरताना पण माणूस लहानपणीचं गाणं म्हणतो, तुझ्या व्याकरणाचा नियम नाही म्हणत. तू तेव्हा पाणीपुरीवाल्याच्या गाडीपुढं उभी होतीस, तोंडात पुरी. हातानंच 'थांब, सांगते' केलंस. मग पुरी संपली आणि तू म्हणालीस, "जाऊ दे. तुला एक दिवस पटवून देईन." ते भांडण तिथंच राहिलं. पुढं कित्येक वर्षं सणावाराला आपण ते थोडंथोडं उकरायचो, श्रीखंडाबरोबर.

एक गोष्ट मात्र तोंडावर कधी म्हणलो नाही, ती आता म्हणतो. मला मास्तर तूच केलंस. माझ्या पहिल्या तासाला तू वर्गाच्या दाराशी उभी होतीस आणि नंतर एवढंच म्हणालीस, "फळ्याशी बोलून राहिलास. फळा पास होणार हाय का?" त्या दिवसापासून मी पोरांकडं तोंड करून शिकवतो. माझ्या घरात आज जे काही आहे ते त्या एका वाक्यावर आहे. तुला हे सांगायला काय जात होतं माझं? पण आपल्या घरात कौतुक करायची रीत नाही. भाजी चांगली झाली तर आपण म्हणतो, मीठ बरोबर पडलंय.

मग तुला झटका आला. वर्गातच. पोरींनी जिन्यावरून खाली आणलं, तिथल्या दवाखान्यात होतीस आणि जरा सावरल्यावर मी तुला नांदेडला घरी आणलं. उजवी बाजू गेलेली आणि बोलणं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतंय सगळं. फक्त शब्द बाहेर निघत नाहीत." ते मला मेंदूची ती जागा बोटानं दाखवायला लागले. अक्का, मला दाखवत होते! डाव्या बाजूला, पुढं, कानशिलाच्या वरच्या अंगाला. वर्षानुवर्षं मी ती जागा फळ्यावर काढत आलो. गुलाबी खडूनं काढतो, म्हणजे पोरांच्या लक्षात राहावी. तिच्यावर पण माझं गाणं आहे. आणि त्या दिवशी मी डॉक्टरांपुढं ढ पोरासारखा मान हलवत बसलो. मला त्या जागेचं नाव येत होतं, बाकी काही येत नव्हतं.

बोलायचा व्यायाम घ्यायला एक पोरगी यायची, पूजा. गुणाची पोर. ती म्हणाली, "काका, पाठ असलेलं काहीतरी सुरू करून द्या. आरती, वारांची नावं, पाढे. ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, कधीकधी तेवढं निघतं." मी बे एके बे सुरू केलं तर तू माझ्याकडं असं बघितलंस की मी गप्प बसलो. आरती घेतली, तर तू डोळेच मिटलेस. देवाशी तुझं तसंही कधी जमलं नाही. मग मला सुचलं. मी मंदाला म्हणलं, दाणे आण आणि गूळ आण. ती म्हणाली, अहो, त्यांना कोरडं गिळता येत नाही, ठसका लागेल. मी म्हणलं, खायला नाही गं, आण तू.

बशीत मांडलं. आधी गूळ, मग दाणे. मला इटालियनमधलं ओ की ठो येत नाही, पण तेवढं येत होतं. तू बशीकडं बघत राहिलीस. ओठ हलले. आणि आवाज निघाला. आबितो. आबिती. आबिता. मंदा पिठाच्या हातानं पळत आली. मी टाळ्या वाजवल्या, येड्यासारखा रडलो पण. आमची अक्का बोलली! पूजाला फोन लाव म्हणलं.

आणि मग माझ्या कानावर नीट पडलं. ती पाढ्याची चाल होती. आबितोऽऽ, आबितीऽऽ. तेच डुलणं, तेच हेल. 'ते राहतात' आलं आणि जोर 'ता'वर आदळला. जन्मभर ज्याच्यावर डस्टर आपटलंस, ते तुझ्या तोंडून. तुझ्या पण कानावर पडलं ते. तू थांबलीस. डाव्या हातानं बशी ओढलीस, गुळाचा खडा पहिल्या जागेवर दाबून धरलास, मला दाखवलास, आणि पुन्हा म्हणलंस. पुन्हा तेच. पुन्हा खडा दाबलास, पुन्हा तेच. तुझ्या बोटाला सगळं येत होतं आणि तोंडाला काहीच येत नव्हतं. शेवटी तू बशी ढकललीस आणि दाणे खोलीभर झाले.

मी जिंकलो, अक्का. अर्थ गेला आणि चाल राहिली. आपल्या त्या भांडणाचा निकाल लागला, तोही माझ्या बाजूनं, आणि आग लागो त्या निकालाला. मला पाहिजे होतं की तू मला खोटं पाडावंस. तू म्हणाली होतीस, एक दिवस पटवून देईन. मी रोज त्याच आशेवर तुझ्या खाटेपाशी येऊन बसायचो.

मग तेच एक तोंडातून निघायचं. पाणी पाहिजे, तरी आबितो आबिती. कूस बदलायची, तरी तेच. पाणी, उशी, संडास, हे आम्हाला चेहऱ्यावरून समजायला लागलं, मंदाला तर माझ्या आधी. पण संध्याकाळी चहाच्या वेळेला तू माझं मनगट धरायचीस. ते पाण्यासाठी नव्हतं. डोळे रोखून, दम घेऊन तू सुरू करायचीस, सहाच्या सहा रूपं, मग मान हलवायचीस, नाही, हे नाही, आणि पहिल्यापासून पुन्हा. काहीतरी सांगायचं होतं तुला. मी विचारायचो, लातूरची खोली? नाही. पोरींचा क्लास? नाही. कुठं दुखतंय? मंदा काही बोलली? मी काही बोललो? नाही, नाही, नाही. डाव्या हातात पेन दिला तर नुसत्या रेघोट्या. मी एक एक प्रश्न टाकत जायचो, परीक्षेत हाताला लागेल ते उत्तर मारणाऱ्या पोरासारखा. चहा गार व्हायचा. तू मनगट सोडून द्यायचीस आणि मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग त्याचीच शरम वाटायची.

तेव्हा मला रेश्मा आठवली. ती आता तिकडंच, इटलीत, दवाखान्यात नर्स आहे. म्हणलं, तिला ती भाषा येते, पेशंटची सवय आहे, तिला तरी काही उमगेल. फोन केला. पण आपल्याकडं परदेशातल्या माणसाला खरं कोण सांगतं? तिकडं एकटी पोरगी, जिवाला घोर लावून काय मिळवायचं? आई गेली तरी 'सीरियस आहे, निघून ये' म्हणून बोलवायची आपली रीत. मी म्हणलं, "बाईंची तब्येत जराशी नरम हाय. बोलायला थोडी तकलीफ होते. तू एकदा व्हिडिओवर बोल." ती म्हणाली, "आत्ताच बोलते सर, ड्यूटीतली मधली सुट्टीच चालू आहे माझी."

तिचा चेहरा दिसला आणि तू उजळलीस, अक्का. झटक्यानंतर मी तुला तसं बघितलं नव्हतं. ती भराभर इटालियनमधे बोलायला लागली. सगळे जोर जिथल्या तिथं असणार, कारण तू मान डोलवत होतीस. मग तू डाव्या हातानं फोन माझ्याकडून ओढून घेतलास, तोंडापाशी धरलास. मला वाटलं, आता. आता हिला सांगेल. तू मोठा श्वास घेतलास आणि निघालं काय, तर आबितोऽऽ, आबितीऽऽ.

रेश्मा खो खो हसायला लागली. "बाई! तुम्ही पण! अगं बाई गं, तुम्हाला माहीत होतं, आम्ही जिन्यात म्हणायचो ते?" आणि ती टाळ्या वाजवत तुझ्याबरोबर म्हणायला लागली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, डुलत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. तिला वाटलं, बाई एवढ्या वर्षांनी चिडायचं सोडून मस्करी करून राहिल्यात. मी "अगं रेश्मा" म्हणेपर्यंत तिची ड्यूटीची घंटा झाली, "उद्या बोलते, बाई, लवकर बऱ्या व्हा" म्हणाली आणि फोन बंद.

तू पडद्याकडं बघत राहिलीस. मग तुझं तोंड डाव्या बाजूनं वर गेलं. हसलीस का रडलीस? अर्ध्याच चेहऱ्यावर उमटतं ते मला वाचता येत नाही. मंदा म्हणते, हसल्या. मंदा चांगली बाई आहे, ती तसंच म्हणणार. त्या संध्याकाळी तू माझं मनगट धरलं नाहीस. दुसऱ्या दिवशी पण नाही. मी मुद्दाम हात पुढं करून बसलो, चहा गार केला. तू खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिलीस. तोंडच उघडलं नाहीस पुन्हा, पाण्यासाठी पण नाही. रेश्माचा उद्याचा फोन ड्यूटीमुळं राहून गेला, आणि पुढच्याच आठवड्यात दुसरा झटका आला, तो तुला घेऊनच गेला.

आज सकाळी रेश्माचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "सर, मला एकाच गोष्टीचं समाधान आहे. बाई शेवटच्या मला हसताना दिसल्या. आजारपणात पण माझी गंमत केली त्यांनी. मी इथं सगळ्यांना सांगते." मी हूं हूं करत होतो. मग तिनं विचारलं, "सर, त्यांना माझ्याशी अजून काही बोलायचं होतं का? मी घाईत ठेवला ना फोन."

माझ्या तोंडात आलं होतं सगळं. शब्द होते माझ्याकडं, मला काही झालेलं नव्हतं. तरी मी म्हणलं, "न्हाई गं. तुझ्याशी बोलली आणि निवांत झाली ती." तिनं मोठा श्वास सोडला. म्हणाली, "बरं झालं सर, सांगितलंत." आणि ड्यूटीवर गेली.

बरोबर केलं का मी? त्या पोरीला तिथं एकटीला खरं सांगून काय करायला लावायचं होतं? पण मग तुला जे सांगायचं होतं ते आता कोणीच शोधणार नाही. तू काहीतरी सांगत होतीस, हेच माहीत असणारं माणूस आता मी एकटा उरलो, आणि मला त्यातलं अक्षर समजलं नाही. रागावली होतीस का माझ्यावर? काही पाहिजे होतं का? का नुसतं म्हणायचं होतं, सुध्या, चहा पी आधी, गार होऊन राहिला?

शिव्या घाल, अक्का. खोटं बोललो म्हणून घाल, समजलं नाही म्हणून घाल. ज्या भाषेत जमेल त्या भाषेत घाल. पण नीट बोल गं एकदा माझ्याशी.